देलाक्रवाच्या ‘दफनभूमीतली अनाथ मुलगी’चा प्रिंट: घ्या, पण कॅनव्हासवर नको

देलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराचं हे ओरिजिनल चित्र पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे, १८२४ च्या आसपासचं, म्हणजे भिंतीवर लावायचं तर प्रिंटच घ्यावा लागतो. मी मॅट पेपरवरचा घेतला आणि साईज जवळजवळ मूळ चित्राएवढीच, साधारण ६५ बाय ५४ सेंटीमीटर. यापेक्षा लहान घेऊच नका, कारण या चित्राचा सगळा जीव त्या मुलीच्या डोळ्यांत आहे. पापण्यांच्या कडा लालसर, डोळे भरून आलेले पण रडणं अजून फुटलेलं नाही, ओठ किंचित उघडे, आणि नजर आपल्याकडे नाहीच, वर कुठेतरी चौकटीबाहेर. काय बघतेय ते चित्रकार दाखवत नाही, त्यामुळे आपणच शोधत राहतो. लहान प्रिंटमध्ये ती लाली पुसली जाते आणि मग नुसती सुंदर मुलगी उरते!

याला रोमँटिक चित्र म्हणतात ते प्रेमाबिमासाठी नाही बरं का, भावना आधी आणि नीटनेटकेपणा नंतर, म्हणून. बघा ना, खांद्यावरून कपडा घसरलाय तरी त्यात नखरा अजिबात नाही, उलट तिला सावरायचंही भान नाही असं वाटतं. मान ताणलेली, हात मात्र मांडीवर गळून पडलेला, आणि मागे थडगी नि फिकट आकाश. १८२२ मध्ये ग्रीक बेट खिऑसवर झालेल्या कत्तलीवर देलाक्रवाने जे प्रचंड चित्र काढलं त्याच्या तयारीतलं हे मानतात, पण मला तरी हे एकटंच पुरेसं वाटतं.

आता प्रिंटबद्दल. त्वचेचे रंग मस्त उतरलेत, खांद्यावरचा उजेड आणि मानेखालची थंड सावली वेगवेगळी कळते. केसांचा गडद भाग मात्र जरा सपाट काळा झालाय, तिथे डिटेल गेलंय. याआधी दुसऱ्या एका दुकानाचा कॅनव्हास प्रिंट आला होता तो परत केला, रंग भडक करून ठेवलेले आणि कडा फ्रेमवर मागे दुमडल्यामुळे खालचा हातच अर्धा कापला गेलेला, आणि तो गळलेला हात गेला की मानेतला ताण कशाच्या विरुद्ध आहे तेच कळत नाही. त्यामुळे पांढरी बॉर्डर सोडलेलाच मागवा. फ्रेमला काच लावणार असाल तर अँटी-ग्लेअर घ्या, साध्या काचेत गडद भागावर खिडकीच दिसते.

पाचपैकी चार स्टार, एक त्या केसांसाठी कापला.