गाडीचा इतिहास अहवाल: कुठे भरवसा ठेवावा, कुठे नाही

चेसिस नंबर टाकला की जुन्या गाडीची कुंडली काढून देणाऱ्या सेवा आता बऱ्याच झाल्या आहेत. मालक किती झाले, कर्जाचा बोजा आहे का, चोरीची तक्रार, विम्याचे दावे, वेळोवेळी नोंदलेले किलोमीटर, उत्पादकाने दुरुस्तीसाठी परत बोलावल्याची नोंद, असा साधारण मजकूर असतो. सेवा घेण्यासारखी आहे, पण मुद्दा असा की हा अहवाल नंबराचा असतो, समोर उभ्या असलेल्या गाडीचा नव्हे. दोन्ही एकच आहेत हे आपणच जुळवायचं.

म्हणून सुरुवात नंबरापासून. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या नंबरात 17 अक्षरं-आकडे असतात आणि त्यात आय, ओ, क्यू ही रोमन अक्षरं कधीच नसतात, कारण ती 1 आणि 0 सारखी दिसतात. कागदावर यातलं एखादं दिसलं तर एक तर लिहिताना चूक झाली आहे किंवा नंबर बनावट आहे. नंबर फक्त कागदावरून घेऊ नका. समोरच्या काचेखालची पट्टी, दाराच्या खांबावरचं लेबल आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर, जिथे जिथे असेल तिथून स्वतः उतरवा. ठोकलेल्या अक्षरांची खोली आणि ओळ सारखी हवी. भोवती घासल्याच्या खुणा, वेगळ्या छटेचा रंग किंवा बदललेले रिव्हेट दिसले तर तिथूनच परत फिरा. चोरीच्या गाडीवर त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या दुसऱ्या गाडीचा नंबर चढवला असेल, तर अहवाल अगदी स्वच्छ येतो. तो खराच असतो, फक्त दुसऱ्याच गाडीचा. इंजिन नंबर, इंधन, गिअरबॉक्सचा प्रकार आणि मूळ रंग हे अहवालातल्या वर्णनाशी ताडून बघितल्याशिवाय पुढचं पान उलटू नये.

कर्ज, चोरी आणि मालकी बदल हा भाग सर्वांत भरवशाचा. या नोंदी सरकारी किंवा बँकेच्या दप्तरातून येतात. त्या अद्ययावत व्हायला वेळ लागतो, एवढंच लक्षात ठेवावं. विक्रेत्याने दाखवलेला जुना अहवाल म्हणूनच उपयोगाचा नाही. पीडीएफमध्ये आकडे बदलणं सोपं असतं, ही आणखी एक अडचण. इसार देण्यापूर्वी ताजा अहवाल स्वतः काढावा.

अपघातांचा भाग मात्र अर्धवटच असतो. विम्याचा दावा केला, पोलिसांत नोंद झाली किंवा अधिकृत वर्कशॉपमध्ये काम झालं, तरच ते तिथे दिसणार. रोख पैसे देऊन बाहेरच्या गॅरेजमध्ये केलेलं डेंटिंग-पेंटिंग कुणाच्याच दप्तरी जात नाही. त्यावर उपाय म्हणजे रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र. कंपनीचा रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन भरतो. 200 ते 300 आलं तर पुन्हा रंग मारलेला असावा, आणि 500 च्या वर गेलं की खाली पुट्टी आहे असं धरून चाला. आधी छतावर मोजा, कारण तिथे सहसा हात लागलेला नसतो. मग प्रत्येक पॅनलवर चार-पाच जागी, डावं-उजवं ताडून. ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर फक्त लोखंड ओळखणारं यंत्र चालत नाही, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर तर कुठलंच साधं यंत्र नाही. दाराच्या बिजागऱ्यांच्या आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा दिसल्या तर ते भाग कधीतरी उघडले आहेत.

एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर अपघातात उघडलेली एअरबॅग लपवण्यासाठी दिवा काढलेला असू शकतो. काही जण तो दुसऱ्या दिव्याला जोडून ठेवतात, म्हणून तो नेमका कशाबरोबर विझतो हेही बघावं.

खरी मेहनत किलोमीटरमध्ये. अहवालातला एकच आकडा बघू नका, तारीखवार सगळे लिहून काढा आणि दर वर्षाचा फरक मोजा. आकडा मागे गेला तर सेवा स्वतःच लाल खूण करते. पण पहिली नोंद होण्याआधीच मीटर फिरवला असेल, किंवा मोजणीच थांबवणारं यंत्र बसवलं असेल, तर आकडे शहाण्या मुलासारखे चढत जातात आणि अहवाल गप्प राहतो. तिथे गाडीच्या संगणकाला जोडून त्यातल्या नोंदी वाचणारा स्कॅनर कामाला येतो. काही गाड्यांच्या कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे याच संगणकात, बिघाडाचा कोड कोणत्या किलोमीटरला आला हेही साठवलेलं असतं. मीटरवर 78,000 आणि जुना कोड 1,12,000 चा, एवढं दिसलं की चर्चा संपली. इंजिनचे तास दिसत असतील तर साधा भागाकार करा. 72,000 किलोमीटर आणि 4,800 तास म्हणजे ताशी सरासरी 15. गाडी सतत कोंडीत चालली असेल किंवा एसी लावून तासन् तास उभी राहिली असेल तर असं होऊ शकतं. पण विक्रेता ‘हायवेवरच चालली आहे’ म्हणत असेल तर दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत.

स्कॅनर लावलाच आहे तर कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली तेही वाचा. तिथे 4 आलं आणि गाडीचा संगणक स्वतःहून करतो त्या तपासण्यांपैकी निम्म्या अपूर्ण असतील, तर आपण येण्याआधीच चेक इंजिनचा दिवा विझवलेला असण्याची दाट शक्यता. बॅटरी काढली तरी असं दिसतं. अशा वेळी गाडी काही दिवस चालवून पुन्हा दाखवायला सांगा. नकार आला तर तोही एक निष्कर्षच.

पुराचं पाणीही अहवालातून सहज निसटतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाण्याची रेघ बघा, स्टेपनीची खोबण आणि कार्पेटखालचा फोम दाबून बघा, सीटच्या रुळांचे बोल्ट आणि फ्यूज बॉक्समधला गाळ तपासा.

विकणाऱ्यानेही जाहिरात देण्याआधी स्वतःच्या गाडीचा अहवाल काढावा. सर्व्हिसच्या वेळी कुणी 45,000 ऐवजी 4,50,000 टाकलं असेल, तर पुढच्या खऱ्या नोंदीला मीटर फिरवल्याचा शिक्का बसतो. दुरुस्ती शक्यतो जिथून आकडा गेला तिथूनच बिल दाखवून करून घ्यावी लागते, आणि तिला वेळ लागतो. कर्ज फिटल्याचं पत्र हातात असलं तरी नोंदीतून बोजा उतरला आहे का हे वेगळं तपासा. आणि एखादा ‘खरेदीदार’ गाडी न बघताच अमुक एका अनोळखी संकेतस्थळावरूनच अहवाल काढा म्हणून मागे लागला, तर तिथे कार्डाचा नंबर टाकू नका. त्याला गाडी नको असते, तुमच्या कार्डाचे तपशील हवे असतात.