झाकणाचा लिटर बॉक्स: सोय माणसाची, अडचण मांजराची

मांजराच्या शी-शूसाठी मिळणारा हा बंदिस्त बॉक्स चार भागांचा असतो: खालचा ट्रे, वरचं झाकण, झुलणारं दार आणि छताच्या खाचेत बसणारा कार्बन फिल्टर. इथे मध्यम आकार धरला आहे, बाहेरून लांबी सुमारे ५० सेंटिमीटर, रुंदी आणि उंची ४०. वाळू बाहेर फारशी उडत नाही, उभ्याने शू करणाऱ्या मांजराची धार भिंतीवर अडते आणि खोलीत वास कमी येतो. हे गुण खरे आहेत.

पण माप चुकलेलं आहे. मांजराची नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी मोजा. ट्रे आतून तिच्या दीडपट हवा. प्रौढ मांजर साधारण ४५ सेंटिमीटर भरतं, म्हणजे ६५ ते ७० सेंटिमीटर जागा लागते. या बॉक्सचा तळ ४५च्या पुढे जात नाही. मांजर आधी हुंगतं, उकरतं, गोल फिरतं, मग बसतं आणि शेवटी वळून झाकतं. तेवढी जागा नसली की ते कडेवर पाय टेकून बसतं, शी दाराशी पडते, आणि न झाकताच ते बाहेर धूम ठोकतं. पुढची पायरी म्हणजे पायपुसणं किंवा गादी. यात सूड किंवा खोडी नसते. मांजर अडचण सांगत असतं.

दार तर काढूनच टाकावं. ते पाठीवर घासतं आणि आतला अमोनिया नेमका मांजराच्या नाकाशी कोंडून ठेवतं. घरात दोन मांजरं असतील तर एकच वाट धोक्याची ठरते: एक आत, दुसरं बाहेर दबा धरून. फिल्टरवर भिस्त ठेवू नये, वास जातो तो घाण उपसल्याने. आणि झाकणाखालची घाण दिसत नाही, म्हणून उपसायची राहते. या बॉक्सचा सगळ्यात मोठा दोष मला हाच वाटतो.

झाकण मात्र सरसकट वाईट नाही. बॉक्स मोठा आणि स्वच्छ असेल तर पुष्कळ मांजरांना फरक पडत नाही. शंका असेल तर एक उघडा ट्रे आणि हा बॉक्स, दोन्हींत तीच वाळू घालून दोन आठवडे ठेवा आणि शूने भिजलेल्या वाळूचे गोळे कुठे जास्त निघतात ते पाहा.

वाळू बारीक, गोळे बनणारी, बिनवासाची घ्या. थर ५ ते ७ सेंटिमीटर. दिवसातून दोनदा उपसा. ट्रे सौम्य साबणाने धुवा. फिनेल अजिबात नको: फिनॉलवर्गी रसायनं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि पंजे चाटताना ती पोटात जातात. बॉक्सची संख्या मांजरांपेक्षा एकने जास्त हवी, तेही वेगवेगळ्या जागी. शेजारी ठेवलेले दोन बॉक्स मांजराच्या लेखी एकच.

एक गोष्ट बॉक्सवर ढकलू नका. बोका पुन्हापुन्हा बसतो, कण्हतो आणि शू येतच नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. जिवावर बेतू शकतं. उद्यावर न टाकता लगेच डॉक्टरकडे न्या.

लहान पिलासाठी, दार काढून, हा बॉक्स चालेल. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या मांजरासाठी उंबरा उंच पडतो. प्रौढ मांजरासाठी ७० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, उंच भिंतींचा साठवणीचा प्लॅस्टिक डबा जास्त कामाचा. एका बाजूला तळापासून सुमारे १० सेंटिमीटरवर प्रवेश कापा आणि कड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. जुना बॉक्स लगेच फेकू नका. नवा त्याच्या शेजारी ठेवा, जुन्यातली मूठभर वापरलेली वाळू त्यात मिसळा. आठवडाभर मांजर नियमित नव्यात जाऊ लागलं की मगच जुना हलवा.