वायर बोटभर, ताप महिनाभर : डबल वेबरवर व्हॅक्यूम ॲडव्हान्स, १४ महिन्यांनंतर

गेल्या महिन्यात गाडी आजारी पडली आणि आजारही असा, की सांगून कोणाला पटू नये. पाय दाबला की सुसाट, पाय हलका केला की मिसिंग. स्लोवर, म्हणजे पाय काढून इंजिन नुसतं चालू ठेवल्यावर, तर थरथरच. ज्याला विचारावं त्याचं उत्तर एकच : कार्ब्युरेटर साफ कर. जुन्या इंजिनावर दोन वेबर (नावाजलेल्या ब्रँडचे कार्ब्युरेटर) बसवले की चोरी कोणीही करो, पकडायचं त्यांनाच. दोनदा जेट काढून फुंकले, फ्लोटची पातळी मोजली, गॅस्केट बदललं. ढिम्म फरक नाही. तिसऱ्या वेळी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बघायला म्हणून ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम पाइप (याच पाइपातून इंजिनाची ओढ आतली प्लेट सरकवून ठिणगी लवकर पाडते, हाच व्हॅक्यूम ॲडव्हान्स) काढला, तोंडाशी बोट धरलं आणि इंजिन एकदम शहाणं झालं. पाइप लावला, मिसिंग. काढला, शांत. कॅप उघडली तर पॉइंटच्या (कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या स्विचच्या) प्लेटपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची बोटभर वायर कापडी वेष्टनाच्या आत तुटलेली. प्लेट जागेवर असली की तुटकी टोकं एकमेकांना टेकायची, व्हॅक्यूमने प्लेट ओढली की सुटायची. अर्थ सुटला की कॉइल गप्प, ठिणगी बंद.

त्या वायरीकडे पुन्हा येतोच, राग अजून गेलेला नाही. आधी बाकीचं.

इंजिन १८०० सीसी, चार सिलिंडर, कॅम (वाल्व्ह उघडणारा दांडा) जरा तिखट, वर दोन ४० डीसीओई, म्हणजे वेबरचंच एक मॉडेल. कार्ब्युरेटरसोबत मी व्हॅक्यूम नसलेला ‘परफॉर्मन्स’ डिस्ट्रिब्युटरही घेतला होता. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की वेबरला व्हॅक्यूम लागत नाही. मला ते पटलं, कारण माझ्या कार्ब्युरेटरवर पाइप लावायला जागाच नव्हती. नळी दिली नाही म्हणजे गरज नसेल, एवढाच विचार. दोन महिन्यांनी मी त्या डिस्ट्रिब्युटरची तोंड भरून स्तुतीही लिहिली होती. ती आज मागे घेतो. तेव्हा नव्या कार्ब्युरेटरच्या आवाजावरच मी खूश होतो आणि त्या खुशीत पेट्रोलची वही उघडलीच नव्हती.

वही उघडली तेव्हा ॲव्हरेज ८.२. जुन्या कार्ब्युरेटरवर हीच गाडी ११ देत होती. दोन वेबर म्हटल्यावर थोडं जाणार हे धरूनच चाललो होतो, पण इतकं? शिवाय ८० च्या वेगाला तापमानाचा काटा पूर्वीपेक्षा वर राहायचा आणि हलक्या पायावर कार्ब्युरेटरमधून फटफट यायची. वर्कशॉपने निदान केलं, ‘मिक्श्चर लीन आहे’, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि ५० चा आयडल जेट (हलक्या पायावर पेट्रोल सोडणारं बारीक भोक) काढून ५५ चा घातला. फटफट थांबली. प्लग काळे पडले, ॲव्हरेज आणखी घसरलं, बिल वेगळं.

इथे मला उशिरा उजेड पडला. डिस्ट्रिब्युटरमधली छोटी वजनं वेग वाढला की बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पाडतात. हा वजनांचा ॲडव्हान्स फक्त आरपीएम ओळखतो. इंजिनावर किती भार आहे हे त्याला कळत नाही. थ्रॉटल जेमतेम उघडं असताना सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं आणि विरळ जातं, ते सावकाश जळतं, म्हणून ठिणगी लवकर पडायला हवी. ती वेळेवर नाही पडली तर उरलेलं जळण एक्झॉस्टमध्ये होतं. ताकद तिथे आणि उष्णताही तिथे. थ्रॉटल पूर्ण उघडलं की मॅनिफोल्डमधला (कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांमधल्या नळांमधला) व्हॅक्यूम जवळपास शून्य, मग प्लेट ओढणारा डायफ्राम, म्हणजे लवचीक पडदा, काहीच करत नाही. म्हणून शर्यतीच्या गाडीला त्याची गरज नसते. तिथे पाय एक तर पूर्ण खाली, नाहीतर ब्रेकवर. आपण मात्र दिवसभर पाव थ्रॉटलवर चालवतो आणि डिस्ट्रिब्युटर शर्यतीचा लावून मिरवतो.

जुना डिस्ट्रिब्युटर फडताळातून काढला. डायफ्रामची परीक्षा फुकटात होते : पाइप तोंडात धरून ओढा, जीभ लावा, सोडला नाही तर ठीक. माझा टिकला. मग मॅनिफोल्डच्या एका रनरला (एका सिलिंडरकडे जाणाऱ्या नळाला) भोक पाडून नळी बसवली आणि पहिला धडा मिळाला. डीसीओईमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र गळा असतो. एका रनरमध्ये व्हॅक्यूम सलग नसतो, धक्क्याधक्क्याने येतो. टायमिंग लाइटखाली खूण नुसती नाचत होती. चारही रनरना बारीक नळ्या काढून एका छोट्या डब्यात एकत्र केल्या आणि तिथून एकच पाइप डिस्ट्रिब्युटरला नेला. नाच थांबला. हे काम कंटाळवाणं आहे, मॅनिफोल्ड उतरवूनच करा. बसवलेल्या मॅनिफोल्डला ड्रिल लावणाऱ्याला मी ओळखतो, कीस आत गेला आणि त्याने नंतर वाल्व्ह बदलले.

दुसरा धडा डायफ्रामच्या आकड्यांचा. लुकास कंपनीच्या व्हॅक्यूम युनिटवर तीन आकडे ठोकलेले असतात, उदाहरणार्थ ७-१३-५. पाऱ्याच्या ७ इंचांवर ओढायला सुरुवात, १३ वर पूर्ण, आणि डिस्ट्रिब्युटरचे ५ अंश. क्रँकवर ते दुप्पट म्हणजे १० होतात, कारण डिस्ट्रिब्युटर निम्म्या वेगाने फिरतो. माझ्या कॅममुळे स्लोवर व्हॅक्यूम जेमतेम १२ इंच, तोही डळमळता, आणि माझं युनिट नेमकं त्याच पट्ट्यात काम करणारं. आरपीएम जरा पडला की व्हॅक्यूम पडे, व्हॅक्यूम पडला की ॲडव्हान्स जाई, ॲडव्हान्स गेला की आरपीएम आणखी पडे. सिग्नलला गाडी झोके घेत घेत बंद. ९ इंचांच्या आतच पूर्ण ओढणारं युनिट शोधून बसवलं तेव्हा झोके थांबले, कारण आता स्लोवर ते कायम टोकाला ओढलेलं असतं. स्लो वाढला, तो थ्रॉटलच्या स्क्रूने खाली आणला. टायमिंग लावताना मात्र पाइप काढून बुजवायचा, नाहीतर सगळे आकडे खोटे.

तिसरं माझं स्वतःचं शहाणपण. धक्के आणखी मरावेत म्हणून पाइपात अगदी बारीक भोकाची पितळी गुंडी घातली. धक्के मेले, पण व्हॅक्यूम निघून जायलाही वेळ लागू लागला. पाय एकदम दाबला की क्षणभर जुना ॲडव्हान्स तसाच आणि इंजिनातून नॉकिंगची खळखळ. भोक थोडं मोठं केल्यावर गेली.

आता स्थिर टायमिंग १० अंश, वजनांचा धरून एकूण ३२, आणि हलक्या पायावर व्हॅक्यूमचे वरून १२. ५० चा आयडल जेट परत घातला, फटफट नाही. ॲव्हरेज ९.४. त्यातला काही वाटा जेटचा आहे हे कबूल, पण ॲडव्हान्सशिवाय तो जेट चालतच नव्हता. काटा पूर्वीच्या जागी आला. पिकअपमध्ये काडीचाही फरक नाही, व्हायलाही नको. प्रोग्रॅम करता येणारे इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर हेच काम दाबाचा सेन्सर लावून करतात, मॅनिफोल्डची नळी त्यांनाही लागतेच. पण जुना फुकट फडताळात असताना नवा घेणं माझ्या स्वभावात नाही.

तर ती वायर. प्लेट दिवसातून हजार वेळा मागेपुढे होते, आणि तितक्याच वेळा ती वायर वाकते. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक पिकअप बसवला तरी प्लेट हलतेच, वायर लागतेच. वर वेष्टन शाबूत असतं म्हणून नजरेला काही दिसत नाही. मीटर लावूनही दिसत नाही, जोवर मीटर लावलेला असताना प्लेट बोटाने फिरवून बघत नाही. एवढं कळल्यावर मी काय केलं? घरात पडलेला स्पीकरच्या वायरीचा तुकडा सोल्डर केला. पैसे शून्य. वायर ताठ होती, प्लेट परत येताना अडू लागली आणि चढावर पुन्हा नॉकिंग. पुन्हा कॅप, पुन्हा सोल्डर, या वेळी केसासारख्या बारीक तारांची, सिलिकॉनच्या आवरणाची मऊ वायर, थोडी सैल ठेवून. चौथा आठवडा चालू आहे. दर रविवारी कॅप उघडून प्लेट फिरवून बघतो. घरचे म्हणतात, त्या वायरीचं एवढं काय. दोनदा कार्ब्युरेटर त्यांनी उतरवले नव्हते.

व्हॅक्यूम नसलेला तो परफॉर्मन्स डिस्ट्रिब्युटर विकायला काढला आहे. तेल दिलेला, कॅप नवी. प्लेट जागची हलत नाही, त्यामुळे वायर तुटायची भीती नाही.