थंडीत झाडं जागी ठेवावीत की झोपवावीत?

ज्यांच्याकडे हिवाळ्यात रात्रीचा पारा शून्याच्या खाली जातो आणि तरीही अंगणात केळ, शोभेचं अळू, कर्दळ, देवचाफा लावायची हौस आहे, त्यांना थंडीच्या तोंडावर एक निर्णय घ्यावाच लागतो. झाड कुंडीसकट घरात आणून खिडकीशी वाढतं ठेवायचं, की पानं छाटून, पाणी तोडून, अंधाऱ्या गार जागी उन्हाळ्याची चाहूल लागेपर्यंत झोपवायचं? बाहेरच पेंढा आणि गोणपाटात गुंडाळून ठेवणं हा तिसरा मार्ग आहे, पण तो मुसा बासजू या केळीसारख्या थंडी सोसणाऱ्या मोजक्या जातींपुरता. म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

प्रत्येक झाडाबाबत ही निवड आपल्या हातात नसते. कंद, गड्डा, मुळकांड किंवा रसाळ जाड खोड, असं शिदोरी साठवणारं काही असेल तरच झाड झोपवता येतं. फायकस, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, क्रोटन, पाम, ऑर्किड यांना अंधारात ठेवणं म्हणजे हळूहळू मारणं. त्यांना उजेडच हवा. वाद उरतो तो कर्दळ, अळू, कॅलेडियम, सोनटक्का, हळद, चाफा आणि केळ यांच्यापुरता. गंमत अशी की घरात सगळ्यात जास्त जागा अडवतात तीही हीच.

जागं ठेवण्याच्या बाजूने खरोखर वजनदार मुद्दा एकच आहे: झाडाची वाढ मोडत नाही. घरात तग धरलेली केळ बाहेर गेल्यावर लगेच पानं फेकू लागते. गड्ड्यापासून सुरुवात केलेलं अळू ऐन भरात यायला बराच उशीर लावतं, आणि जिथे उन्हाळाच आखूड आहे तिथे हा उशीर जाणवतो. शिवाय झाड डोळ्यांसमोर असतं. सुकलं, पिवळं पडलं, तर त्याच दिवशी कळतं.

पण त्यासाठी खिडकी पुरेल हा समज बहुतेकांना नडतो. हिवाळ्यातला दिवस आखूड, ऊन तिरपं, त्यात काच. खिडकीपासून हातभर आत सरकलं तरी उजेड एवढा घटतो की अळूचे देठ लांबच लांब होऊन माना टाकतात. हे टाळायला वाढीचा एलईडी दिवा पानांच्या वर 20 ते 30 सेंटिमीटरवर, दिवसाचे 12 ते 14 तास लावावा लागतो. सहा फुटी केळीवर तो टांगायचा कुठे, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा. खत बंद करायचं. पाणी उन्हाळ्याच्या मानाने निम्म्याहून कमी, तेही मातीचा वरचा 4-5 सेंटिमीटर थर कोरडा झाल्यावर. कमी उजेडात झाड पाणी ओढत नाही. कुंडी ओली राहते, मुळं कुजतात आणि वरची पानं सुकल्यासारखी दिसतात. ते बघून माणूस आणखी पाणी घालतो.

एवढं सगळं जमवता येतं. माझं मन जिथे फिरलं, ती गोष्ट वेगळीच आहे: लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव.

उन्हाळ्यात बाहेर वारा, पाऊस आणि कोळ्याला खाणाऱ्या इतर किडी यांच्यामुळे तो आटोक्यात असतो. कुंडीबरोबर चार-दोन कोळी घरात आले की त्यांना उबदार, कोरडी आणि शत्रू नसलेली जागा आयती मिळते. हीटर चालू असलेल्या खोलीत हवेतली आर्द्रता सहज 30 टक्क्यांपर्यंत उतरते. 25-27 अंशांत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास आठवडा-दीड आठवड्यात उरकतो. अळू, त्याच्याच कुळातलं शोभेचं अलोकेशिया, केळ आणि जास्वंद ही त्याची लाडकी गिऱ्हाइकं, म्हणजे आपण हौसेने आत आणलेली नेमकी तीच झाडं. आधी पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसतात, मग पान धुरकट होतं. देठ पानाला जिथे जुळतो तिथे बारीक जाळं दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. संशय आला की पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकायचं. कागदावर पडलेले धूलिकण चालू लागले, तर ते कोळीच. लाल असतील असं नाही. घरात बहुधा फिकट पिवळट-हिरवे, अंगावर दोन गडद ठिपके असलेले दिसतात.

त्रास सुरू होतो तो इथून पुढे. कीटकनाशक साबण लिटरला 10 मिली या प्रमाणात फवारला की चालते कोळी मरतात, अंडी शाबूत राहतात. म्हणून दर पाच ते सात दिवसांनी, निदान तीन-चार वेळा, आणि प्रत्येक वेळी प्रत्येक पानाच्या खालून फवारावं लागतं. कोळी राहतो तोच मुळी पानाच्या पाठीला. दिवाणखान्यात उभ्या असलेल्या केळीचं पान उलटं धरून फवारलं की निम्मं पाणी भिंतीवर, निम्मं जमिनीवर. कडुनिंबाचं तेल वापरलं तर वास दोन दिवस घरात. इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक मातीत देऊन सुटका होईल अशी आशा ठेवू नये. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे त्याला ते बाधत नाही. उलट काही झाडांवर अशा औषधानंतर कोळी वाढल्याचंच दिसून आलेलं आहे. खास कोळीनाशकं मिळतात, पण जेवायच्या टेबलाशेजारी ती फवारायची का, हे ज्याने त्याने ठरवावं. फायटोसेयुलस हा परभक्षी कोळी सोडता येतो, मात्र त्याला आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर लागते आणि घर तर कोरडं. रोज पानांवर पाण्याचा फवारा मारून आर्द्रता वाढत नाही. काही मिनिटांत सगळं पूर्ववत.

म्हणजे निम्मा हिवाळा झाड वाढवण्यात कमी आणि पानं पुसण्यात जास्त जातो. मार्चमध्ये जे झाड बाहेर निघतं त्याची तीन-चार धुरकट पानं उरलेली असतात, आणि तीही थेट उन्हात ठेवली तर करपतात. 10 ते 14 दिवस सावलीतून उन्हात हळूहळू सरकवत न्यावं लागतं. घरात तयार झालेली पानं शेवटी गळतातच, नवी पानं बाहेरच्या उन्हात फुटतात. वाढ मोडली नाही हा जो फायदा मांडला होता, तो कोळी लागलेल्या झाडाबाबत माझ्या मते फारसा शिल्लक राहत नाही.

झोपवलेल्या झाडाला पानच नसतं, त्यामुळे कोळ्याचं जेवणच बंद होतं. किडीची साखळी तुटते, ती औषधाशिवाय. हाच मुद्दा माझ्यासाठी निर्णायक ठरला. एक खबरदारी मात्र हवी. पिठ्या ढेकूण गड्ड्याच्या खाचांत आणि मुळांशी लपून राहतो, कोळ्याच्या थोड्या माद्याही खपल्यांच्या आड थंडी काढू शकतात. त्यामुळे काढलेले गड्डे धुऊन, जुन्या सालपटाचे सैल पापुद्रे काढून मगच वाळवावेत.

कर्दळ आणि साधं अळू यांना पहिलं दव गोठून पानं काळी पडेपर्यंत बाहेर राहू दिलं तरी चालतं. मग देठ 10-15 सेंटिमीटर ठेवून कापायचे आणि गड्डा भोवतालच्या मातीसकट उचकटायचा. फावडं खोडापासून लांब मारावं, जखम झाली की तिथून कूज शिरते. हवेशीर सावलीत चार-सहा दिवस वाळवून, खोक्यात कोरड्या कोकोपीटमध्ये किंवा लाकडाच्या भुशात, एकमेकांना लागणार नाहीत असे ठेवायचे. कर्दळीला 5 ते 10 अंश, अळूला 7 ते 12 अंश मानवतात. कॅलेडियमला हा हिशेब लावू नये. ते 15 अंशांच्या खाली गेलं की आतून मरतं आणि बाहेरून महिनोनमहिने धड दिसतं. त्याला रात्री 15 अंशांवर आल्या की लगेच आत घ्यायचं. हळद आणि कॅलेडियम कुंडीतच असतील तर उपटायचीही गरज नाही. पानं आपोआप पिवळी पडू द्यायची, पाणी तोडायचं आणि कोरडी कुंडी तशीच कपाटात सरकवायची.

केळीची पद्धत थोडी वेगळी. सगळी पानं कापायची, फक्त मधला पोगा, म्हणजे न उलगडलेलं पान, ठेवायचा. मुळं वीतभर ठेवून खोड उपटायचं आणि दोन-तीन दिवस उलटं टेकवून ठेवायचं. ही पायरी बरेच जण गाळतात. केळीच्या सोपटांमध्ये पाणी साठलेलं असतं. ते निथळलं नाही तर थंडीत तिथेच सडतं आणि सडण वरून खाली गाभ्यात उतरते. निथळल्यावर मुळं किंचित ओलसर भुशात गुंडाळून, खोड उभं किंवा आडवं, 7 ते 10 अंशांत ठेवावं. लाल पानांच्या एन्सेटे केळीबाबत जास्त जपावं, कारण ती सहसा मुनवे, म्हणजे बुडाशी फुटणारी पिल्लं, देत नाही. गाभा गेला की झाड गेलं.

चाफा सगळ्यात सोपा. पानं स्वतःहून गळतात. मग कुंडीसकट किंवा मुळं उघडी करून 10 ते 13 अंशांत कोरडा ठेवायचा, पाण्याचा थेंबही नाही. सालीला सुरकुत्या पडल्या तर घाबरू नये. शेंडा दाबल्यावर मऊ लागला तर मात्र लगेच निरोगी भागापर्यंत छाटावा, कापावर पांढरा चीक दिसेपर्यंत.

झोपवण्याचेही तोटे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. पहिला म्हणजे जागा. 5 ते 12 अंशांत टिकणारं तळघर, गॅरेज किंवा बंद व्हरांडा नसेल तर हा मार्ग जवळजवळ संपतोच. 20 अंशांच्या खोलीत कर्दळ-अळूचे कंद झोपत नाहीत, अंधारात पांढरे कोंब काढून शक्ती संपवतात. फ्रिज हा उपाय नव्हे. 4 अंश यांतल्या बहुतेकांना मारक आहेत. दुसरा तोटा असा की नुकसान दिसत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी खोकं उघडून प्रत्येक गड्डा अंगठ्याने दाबून बघावा. बटाट्यासारखा घट्ट लागला तर ठीक. सुरकुतला असेल तर भुशावर पाण्याचा हलका शिडकावा. मऊ लागला, आंबूस वास आला, तर सडका भाग पांढऱ्या निरोगी गरापर्यंत कापून, गंधकाची भुकटी लावून, दोन दिवस वाळवून वेगळा ठेवायचा. एवढं करूनही काही गड्डे जातात. माझ्या पाहण्यात लहान गड्डे वाळून जातात आणि मोठे ओले राहून सडतात, म्हणून दोन्हींची खोकी वेगळी ठेवणं बरं.

उशिराच्या तक्रारीवर उतारा आहे. बाहेर गोठणाऱ्या रात्री संपायच्या सहा ते आठ आठवडे आधी कर्दळ आणि अळू कुंडीत लावून 20-25 अंशांत ठेवलं की जून उजाडेपर्यंत घरात जागलेल्या आणि झोपून उठलेल्या अळूत फरक ओळखू येत नाही. निदान मला तरी येत नाही. कॅलेडियमला त्याहून जास्त ऊब लागते, 24 ते 27 अंश, तीही मातीला, नुसत्या हवेला नाही. पाणी सगळ्यांनाच कोंब दिसेपर्यंत बेताचं. चाफ्याला तर पानं फुटेपर्यंत जवळजवळ नकोच; जागं न झालेलं खोड भिजत राहिलं की बुंध्यातून सडतं.

अलोकेशिया आणि जास्वंद ही झाडं जागं ठेवणं आणि झोपवणं या दोन्हींच्या मधे येतात. अलोकेशियाच्या गडद, जाड पानांच्या जाती कुंडीतच, 15-18 अंशांत जवळजवळ कोरड्या ठेवाव्यात. पानं झडली तर झडू द्यावीत, जमिनीखालचा गड्डा घट्ट आहे तोवर काळजी नाही. जास्वंद पुरती झोपत नाही. तिला एक तृतीयांश छाटून 10 ते 13 अंशांच्या मंद उजेडाच्या जागी, पंधरवड्याला थोडं पाणी देत ठेवावं. पानं विरळ होतात, पण त्या गारव्यात कोळीही मंदावतो. थंड जागाच नसेल तर जास्वंद खिडकीत आणण्यावाचून गत्यंतर नाही. तसं असेल तर आत आणण्याआधी ती बाहेरच, पाइपच्या जोरदार धारेने पानांच्या पाठी धुऊन, आठवड्याच्या अंतराने दोनदा साबण फवारून घ्यावी, आणि बाकीच्या झाडांपासून लांब, एकटी ठेवावी.