खाडीकाठच्या थराचं वय: कोळसा की शिंपला?
ठाण्याच्या खाडीकाठी, ऐरोली ते बेलापूर पट्ट्यात जुन्या वस्तीचा थर सापडलाच, तर वय ठरवणाऱ्या कार्बन-१४ चाचणीला काय पाठवावं? माझं मत स्पष्ट आहे: आधी कोळसा, तोही बारीक काटकीचा. झाड हवेतला कार्बन घेतं, त्यामुळे मोजलेल्या वयाची खऱ्या वर्षांत दुरुस्ती सोपी. ओंडक्याचा गाभा मात्र टाळावा. चूल पेटली तेव्हाच तो शे-दोनशे वर्षं जुना असू शकतो.

कालवं, तिसऱ्यांचे शिंपले टिकतात छान, पण खरा गुंता तिथेच आहे. समुद्राच्या पाण्यातला कार्बन हवेतल्यापेक्षा जुना असतो. २०२० च्या सागरी वक्रानुसार (सागरी नमुन्यांचं कार्बन-वय खऱ्या वर्षांत बदलणारा आलेख) सरासरी सुमारे ५५० वर्षांनी. त्यावर स्थानिक फरक, म्हणजे त्या सरासरीपेक्षा त्या जागेचा आकडा किती वेगळा, तो वेगळाच. ठाण्याच्या खाडीत पावसाळ्यात गोडं पाणी शिरतं, उन्हाळ्यात खारटपणा चढतो, म्हणून खुल्या समुद्राचा आकडा इथे जसाच्या तसा लावता येत नाही. प्रयोगशाळेची अनिश्चितता ±३० वर्षं आणि स्थानिक दुरुस्तीची ±५० धरली, तर एकत्रित (दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) ±५८ होते. ही ±५० न सांगता नुसतं वय छापणं मला अजिबात पटत नाही.

शिंपलाच हाती असेल, तर अणुचाचण्यांपूर्वी (त्यांनी कार्बन-१४ चं प्रमाण वाढवलं), माहीत असलेल्या साली याच खाडीतून जिवंत गोळा केलेल्या संग्रहालयातल्या शिंपल्यांवरून स्थानिक फरक काढावा. थरात काटकीही असेल, तर दोन्ही जोडीने तपासावेत.