जुना तांब्याचा बंब: पावसाळा आणि हिवाळा वापरून झाल्यावर

बंब आणला त्याच आठवड्यात लिहिलं असतं तर दहापैकी दहा दिले असते. दिवाळीच्या सुमारास लिहिलं असतं तर चारच्या वर गेले नसते. आता संक्रांत होऊन गेली, थंडीचा जोर उतरलाय, आणि माझं मत आठवर येऊन थांबलंय. गेलेले दोन्ही गुण तोटीचे.

बंब म्हणजे मधल्या नळ्यात जाळ करून भोवतालचं पाणी तापवायचं भांडं, याहून जास्त सांगत बसत नाही. माझा वीसेक लिटरचा, अंग तांब्याचं, कड आणि तोटी पितळेची. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मिळाला. जुन्या नाशकातले वाडे उतरवले जातात तशी माळ्यावरची भांडी खाली येतात आणि घाटावर नाहीतर भद्रकालीच्या बाजारात पोचतात. मी ती घेते, घासते, लागेल तिथे कल्हई करून घेते आणि पुढे विकते. डबे, समया, घंगाळं, पानपुडे. घरखर्चाचा बराच भाग यातून निघतो. माझा नियम एकच आहे: मोडीच्या भावाच्या फार वर जायचं नाही. गिऱ्हाईक नाही मिळालं तरी भांडी बाजारात वजनावर घालून मुद्दल सुटतं. बंबवाला म्हणाला, "ताई, मोडीच्याच भावात देतोय, चहापाण्याचे तेवढे वर द्या." दिले.

घेतला होता विकायलाच. गंगापूर रोडकडे फार्महाऊसवाले बंबात दिवा लावून कोपऱ्यात ठेवतात, पैसेही चांगले देतात. पण विकण्याआधी एकदा पेटवून बघायचं म्हणून मागच्या अंगणात पेटवला, सगळ्यांच्या अंघोळी झाल्या, आणि सासूबाईंनी सांगून टाकलं की हा आता घरातून जाणार नाही.

पैशांचा हिशोब आधी सांगते, कारण विचारणारे तेच विचारतात. वीस लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.93 युनिट लागतं. म्हणजे गिझरचं वीस लिटर पाणी एक युनिट धरा. चार माणसांच्या घरात महिन्याचे साठ-सत्तर युनिट सहज यातच जातात. महावितरणच्या बिलात 100 युनिटनंतर पुढचा टप्पा लागतो आणि तिथला दर बराच चढा असतो. आमचं घर गिझरमुळेच दर थंडीत त्या टप्प्यात जायचं. या थंडीत एकदाही गेलं नाही. निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या येत होत्या, इकडे नाशकातही पहाटे हात बधिर होत होते, तरी नाही.

जळण मला जवळपास फुकट पडतं. आम्ही मखमलाबादच्या बाजूला राहतो. एप्रिलात खरड छाटणी झाली की द्राक्षाच्या काड्यांचे ढीग बांधावर पडतात, ऑक्टोबरच्या छाटणीतही थोड्या मिळतात. ओळखीचे बागायतदार 'घेऊन जा' म्हणतात. पण त्या ओल्या जाळू नका, खूप धुरतात. शिवाय बागेवर बोर्डो आणि बाकीच्या औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात, म्हणून त्या काड्या मी पावसात भिजू देते, मग वाळवते, आणि स्वयंपाकाच्या चुलीत कधीच घालत नाही. पेटवायला नारळाच्या शेंड्या. तांबं पितळेपेक्षा साधारण तिपटीने चांगली उष्णता वाहून नेतं, आणि थोड्या काड्यांत पाणी हाताला चटका देण्याइतकं तापतं. घेताना पितळी आणि तांब्याचा असे दोन्ही समोर असले तर तांब्याचा घ्या, थोडे जास्त गेले तरी.

आता तोटी.

आणला तेव्हा ती जुन्या पद्धतीची होती: निमुळती पितळी चावी, तिचं तसंच निमुळतं घर, खाली नट. वायसर नाही, रबर नाही. थेंब-थेंब गळत होती. बंब दुरुस्त करायला दिला त्या दुकानदाराने सांगितलं, जुनी तोटी टाकून द्या, नवी चकचकीत बसवून देतो, आयुष्यभर बघायला नको. बसवली. पावसाळाभर छान चालली आणि मी सगळ्यांना तसं सांगितलंही. नवरात्रानंतर गळायला लागली. नव्या तोटीत आत रबरी वायसर असतो, रोजच्या कढत पाण्याने तो कडक होऊन तडकतो. वायसर बदलला, पुन्हा तेच. दुकानात गेले तर म्हणे गॅरंटी तोटीची होती, गरम पाण्याची नाही. बंबाला बसवलेल्या तोटीत दुसरं कुठलं पाणी येणार? वर तोटी काढून पाहिली तर बुडाशी आटे नीट न बसवता लांबी (फटी बुजवायचा लगदा) भरलेली, तीही सुटत आलेली. पैसे परत द्यायला नकार, जुनी तोटी परत मागितली तर ती मोडीत गेल्याचं उत्तर. या माणसाकडे मी पुन्हा पाऊल टाकणार नाही.

तुम्ही म्हणाल, थेंबाचं काय एवढं. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसभरात चार लिटरच्या वर पाणी जातं. वीस लिटरच्या बंबात ही थोडी गोष्ट नाही. दोन-तीन दिवस भरायचा राहिला तर बंब अर्ध्यावर येतो, पहाटे उठणारा अंधारात झाकण न उघडता काड्या घालतो, आणि जिथे पाणी नाही तिथला पत्रा नुसत्या जाळावर तापतो. बऱ्याच जुन्या बंबांचे सांधे डाख देऊन, म्हणजे वितळवलेला धातू ओतून, जोडलेले असतात. शुद्ध कथील 232 अंशांना वितळतं, शिसं मिसळलेला डाख सहसा त्याच्याही आधी. जाळ याच्या कितीतरी पुढे जातो. सांधा एकदा सुटला की बंब गेलाच. बाजारात थिगळं लावलेले, बुडाशी उसवलेले जे बंब दिसतात, त्यातल्या कितींचा शेवट असल्याच एका थेंबातून झाला असेल, याचा विचार मी हल्ली प्रत्येक बंब हातात घेताना करते.

शेवटी जुन्या नाशकातल्या एका म्हाताऱ्या तांबट काकांकडे गेले. त्यांनी नवी तोटी हातात घेऊन वजन पाहिलं आणि बाजूला ठेवली. म्हणाले, "ताई, हिच्यात पितळ किती आणि बाकी काय, देव जाणे. जुनी शोधा, मी बसवून देतो." भंगारातून एक जुनी तोटी मिळाली, पितळेच्या मोडीच्या भावात. ती त्यांनी माझ्यासमोर केली. मोटारसायकलचे व्हॉल्व्ह घासायला गॅरेजवाले जी करकरीत पेस्ट वापरतात, ती बोटभर चावीला लावली, चावी घरात बसवून अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे, मध्येच उचलून पुन्हा. आधी चावीवर ठिपक्यांसारखी चमक दिसत होती. हळूहळू सगळीकडे एकसारखा राखाडी पट्टा आला, म्हणजे चावी घराला पूर्ण टेकली. मग रॉकेलने धुऊन पेस्टचा कण न् कण काढला, नट आवळला. बुडाशी लांबी नाही, सुताचा वेटोळा नाही, नीट आटे आणि वर डाख. चावीही पितळ, घरही पितळ, त्यामुळे तापल्यावर दोन्ही सारखीच फुगतात आणि फट पडत नाही. आज तोटीखाली कोरडी फरशी आहे. कधी गळायला लागलीच तर तीच पेस्ट आणि तोच अर्धा फेरा, नवीन काही आणावं लागणार नाही. माझं मत बदललं ते इथे.

दोन गुण तरीही कापले आहेत, कारण एवढी धावपळ लागायला नको होती. तोटी आधीच तपासून घासून घेतली असती तर थंडीचा अर्धा काळ बादली खाली ठेवून काढावा लागला नसता.

बंब घ्यायला जाणार असाल तर चुंबक सोबत न्या. तांब्या-पितळेला तो चिकटत नाही, मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतो. जाळाच्या नळ्यात टॉर्च धरा आणि पाण्याच्या भागात अंधार करून वरून बघा, टाचणीएवढं भोकही दिसतं. जमलं तर पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवायला सांगा. आणि तोटी जुनी असेल तर विकणाऱ्याला ती बदलू देऊ नका, असं आधीच ठणकावून सांगा. बंब बंद न्हाणीत पेटवू नका. धूर निघून गेला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, त्याला वास नसतो. अंगणात किंवा उघड्या पडवीतच ठेवा.

घासायला चिंच आणि बंबातलीच राख पुरते. तारेचा काथ्या लावू नका, पत्रा पातळ होतो. माझ्या बंबावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं आधीच्या घराचं नाव आहे. पुढे विकताना लोक ते घासून द्या म्हणतात, मी देत नाही. कुणाच्या तरी लग्नात आलेली वस्तू आहे ती.

सध्या माझ्याकडे आणखी एक पितळी बंब आलाय, अंग चांगलं, तोटी नाही. चावीची जुनी पितळी तोटी कुणाच्या माळ्यावर पडली असेल तर मोडीत घालू नका. मोडीपेक्षा जास्त भाव मी देईन, गळकी असली तरी चालेल.