रामबागेतील वकीलबाईंचा सल्ला आणि बाविसाव्या दिवशीचे लग्न

गेल्या महिन्यात मावसबहिणीला घेऊन इंदूरच्या रामबागेतील एका वकीलबाईंच्या कार्यालयात गेलो होतो. तिच्या पतीला पहिल्या पत्नीपासून कुटुंब न्यायालयात, ती हजर नसताना, एकतर्फी घटस्फोट मिळाला आणि न्यायालयाच्या त्या हुकूमनाम्यानंतर बाविसाव्या दिवशीच या दोघांचे लग्न लागले. बहिणीने पोटगीचा अर्ज करताच ‘हे लग्न मुळातच वैध नव्हते’ असा पवित्रा त्या पतीने घेतला आहे. मुहूर्ताची घाई त्याच्याच घरची होती, हेही नोंदवून ठेवतो.

आधीच्या एका वकिलांनी कागद न पाहताच लग्न शून्य, म्हणजे कायद्याने मुळात झालेच नाही असे, ठरवून टाकले होते. बाईंनी मात्र प्रथम हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल मागितली, तारखा स्वतः उतरवून घेतल्या आणि मगच बोलायला सुरुवात केली. “ताई, लग्न घाईत झाले ही एक गोष्ट आणि ते शून्य आहे ही दुसरी, त्यांची सरमिसळ करू नका,” असे त्या म्हणाल्या. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा केलेले अपील फेटाळले जाईपर्यंत, पुन्हा लग्न करता येत नाही. ही मुदत या कायद्यात २००३ च्या दुरुस्तीपासून ९० दिवस, तर १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात ३० दिवस आहे. पण बावीस दिवस दोन्हींत कमीच पडतात, म्हणून त्या वादात त्यांनी आमचा वेळ घालवला नाही. खरा मुद्दा पुढेच होता. शून्य विवाह कोणते हे कलम ११ सांगते आणि त्यात कलम १५ च्या भंगाचा उल्लेख नाही. अशा मनाईचा भंग करून झालेले लग्न तेवढ्याने शून्य ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, आणि पुन्हा २०१८ मध्ये, म्हटलेले आहे.

बाईंना धास्ती होती ती निराळीच. समन्स बजावलेच गेले नाही असे दाखवून पहिल्या पत्नीने एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेतला, तर पहिले लग्न कायम ठरून सगळे चित्र पालटते. म्हणून असा अर्ज पडला आहे का, हे आधी पाहायचे ठरले. तसे झाले तरी बहिणीच्या मुलाच्या औरसपणाला, म्हणजे कायदेशीर अपत्य असण्याला, कलम १६ चे संरक्षण आहे, हे ऐकून बहिणीने प्रथमच पाणी मागितले.

उणिवाही आहेत. ठरलेल्या वेळेनंतर सव्वा तास बसावे लागले, आणि लेखी अभिप्राय आठ दिवस उशिराने व तोही क्लिष्ट कचेरी हिंदीत आला, जो मावशीला मला वाचून समजावावा लागला. मात्र न्यायालयातील कागदपत्रे पाहण्याचा अर्ज बाईंनी त्याच बैठकीत लिहून दिला आणि त्याचे वेगळे शुल्क घेतले नाही.